डाव्या पायाचं काय करायचं? मॅन्युअलवरून एएमटी ट्रकवर येणाऱ्यांसाठी

नागपूरजवळच्या वाडीच्या यार्डात मला पहिल्यांदा एएमटी (ॲटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन, म्हणजे स्वतः गिअर बदलणाऱ्या) ट्रेलरची चावी मिळाली, तेव्हा माझी मॅन्युअलवर अकरा वर्षं झाली होती. दहा चाकी, बारा चाकी, चौदा चाकी, सगळं हाकून झालं होतं. गेटपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. गेटवर वॉचमनने हात दाखवला आणि मी सवयीने डावा पाय दाबला. क्लच तिथे नव्हताच. पाय पडला ब्रेकच्या रुंद पेडलवर, आणि तोही क्लच दाबायच्या जोराने. गाडी जागच्या जागी थांबली, मी स्टिअरिंगवर आदळलो आणि डॅशबोर्डवरचा कटिंग चहा माझ्या मांडीवर सांडला. शेजारी बसलेले उस्ताद शांतपणे म्हणाले, "काऊन बे, पाय कोठं मारून राहिला?"

त्याला आता तीन वर्षं झाली. यार्डात नवीन पोट्टे आले की मालक त्यांना दोन दिवस माझ्यासोबत बसवतो. त्यांना जे तोंडी सांगतो, तेच इथे लिहितो आहे.

१. आधी एएमटी काय आहे ते समजून घ्या

बहुतेक जण इथेच चुकतात. "ॲटोमॅटिक आहे भाऊ, नुसती रेस द्यायची" असं कुणी सांगितलं तर कान बंद करा.

एएमटीचा गिअरबॉक्स आतून मॅन्युअलसारखाच असतो. तेच दातेरी गिअर, आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या मधे तीच कोरडी क्लच प्लेट. फरक एवढाच की क्लच दाबणं आणि गिअर टाकणं ही कामं तुमच्या हातापायांऐवजी हवेच्या दाबावर चालणारे पिस्टन करतात, आणि कधी करायची ते कॉम्प्युटर ठरवतो. जुन्या पद्धतीच्या ॲटोमॅटिक कारमध्ये क्लचच्या जागी तेलावर चालणारा कन्व्हर्टर असतो, म्हणून ती चढावर रेसवर धरली तरी थोडा वेळ सहन करते. ट्रकमध्ये तसं केलं की प्लेट घासते, तापते आणि जळते. पेडल गेलं, पण प्लेट जाळायची सोय कंपनीने तशीच ठेवली आहे.

नावं वेगवेगळी ऐकू येतील. व्होल्वोवाले आय-शिफ्ट म्हणतात (ती २००१ पासून आहे), स्कॅनियावाले ऑप्टिक्रूज, मर्सिडीजवाले पॉवरशिफ्ट. मोठ्या गाड्यांत साधारण बारा गिअर असतात. खाणीतल्या व्होल्वो-स्कॅनिया टिपरवर ज्यांनी काम केलं आहे त्यांना यात नवीन काही नाही.

कॉम्प्युटरला काय कळतं? इंजिनचे फेरे, तुम्ही रेस किती दाबली, गाडी किती जड चालली आहे, आत्ता चाकाखाली चढ आहे की उतार. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत त्याला पुढचा रस्ता दिसत नाही. पन्नास मीटरवर घाट सुरू होतो आहे किंवा रस्त्यात म्हशी बसल्या आहेत, हे तुम्हाला दिसतं, त्याला नाही. त्याला जे दिसत नाही ते आपण वेळेआधी सांगायचं. पुढचं जवळजवळ सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

जाता जाता एक. गाडीच्या मॉडेल नंबरावरून अंदाज घ्यायला शिका. ४२२५ म्हणजे साधारण ४२ टन आणि २५० हॉर्सपॉवर, ३५२८ म्हणजे ३५ टन आणि २८०. चावी हातात घ्यायच्या आधीच कळतं की चढावर ही किती दमणार.

२. लायसन्स आणि कागद

ट्रान्सपोर्टचं लायसन्स काढायला वय किमान २० पाहिजे, आणि त्याआधी हलक्या गाडीचं लायसन्स निदान एक वर्ष जुनं पाहिजे. अर्ज सारथी पोर्टलवर भरायचा. टेस्टला आपापल्या हद्दीच्या परिवहन कार्यालयात (आरटीओत) जायचं: शहराचं एमएच ३१, पूर्व नागपूरचं एमएच ४९, ग्रामीणचं एमएच ४०. पत्ता कामठी किंवा हिंगण्याकडचा असेल तर आपलं कार्यालय कोणतं ते आधी पाहून घ्या. माझ्या एका दोस्ताचा अख्खा दिवस चुकीच्या रांगेत गेला होता.

सोबत लागतं ते असं:
- हलक्या गाडीचं मूळ लायसन्स
- आधार आणि पत्त्याचा पुरावा
- डॉक्टरचं प्रमाणपत्र, फॉर्म १-ए
- ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, फॉर्म ५
- लर्निंग लायसन्स (सहा महिने चालतं, पक्क्यासाठी ३० दिवसांनंतर अर्ज करता येतो)

मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रातून शिकलात तर जड वाहनाचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो, आणि तो पास केला की परिवहन कार्यालयातली ड्रायव्हिंग टेस्ट माफ होते. पक्कं लायसन्स पाच वर्षं चालतं. गॅस किंवा पेट्रोलचा टँकर चालवायचा असेल तर धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण आणि शेरा लागतो, त्याची मुदत तीन वर्षं.

लायसन्सवर ट्रान्सपोर्टचा वर्ग छापलेला असतो, गिअरबॉक्स कोणता ते नसतं. म्हणजे कागदावर तुम्ही दोन्ही चालवू शकता. सापळा इथेच आहे. एएमटीवरच शिकलेला पोरगा उद्या मालकाने मॅन्युअल हायवा दिला तर नाही म्हणत नाही, आणि पहिल्याच चौकात अडकतो. मला विचाराल तर पहिलं एक वर्ष मॅन्युअलवर काढा. क्लचची प्लेट कुठे पकडते हे पायाच्या तळव्याला एकदा कळलं, की एएमटी आत काय करते आहे ते आवाजावरूनच ओळखता येतं.

३. बसल्यावर पहिली दहा मिनिटं

हँडब्रेक लागलेला आहे ना, सिलेक्टर (गिअर निवडायचा खटका) न्यूट्रलवर आहे ना, ते बघा. चावी फिरवून लगेच स्टार्टर मारू नका. डॅशबोर्डवरचे दिवे लागून विझू द्या, गिअरच्या जागी "एन" दिसू द्या, मग इंजिन सुरू करा.

आता थांबा. सकाळी टाकीतली हवा उतरलेली असते. मॅन्युअलमध्ये हवा भरेपर्यंत ब्रेकसाठी थांबायचो, इथे गिअरसाठीही थांबावं लागतं, कारण क्लच आणि गिअर दोन्ही हवेवरच हलतात. हवेचे दोन्ही काटे वर आल्याशिवाय गाडी गिअर घेत नाही. नवीन माणूस सिलेक्टर दहा वेळा पुढे-मागे करतो आणि "गिअरबॉक्स गेला" म्हणून मालकाला फोन लावतो. तेवढ्यात हवा भरते आणि गाडी चालू लागते. मालक त्याचं नाव लक्षात ठेवतो ते वेगळंच.

राहिला डावा पाय. उस्तादांनी मला दोन दिवस डाव्या पायातला बूट काढून, मोजा घालून बसवलं होतं. बूट क्लीनरच्या बाजूला, पेडलपासून लांब. मोज्यातला पाय ब्रेकला लागला की तळव्याला लगेच कळतं की इथे आपलं काम नाही. यार्डातच करायची गोष्ट आहे ही, रोडवर दोन्ही बूट पाहिजेतच. दुसरी युक्ती म्हणजे डावी टाच मागे ओढून सीटच्या पायापाशी टेकवून ठेवायची. आठवड्याभरात सवय मोडते. माझी मोडायला दोन आठवडे लागले.

४. गाडी हलवणं: रॅम्प, रांग, रिव्हर्स आणि चिखल

बुटीबोरीच्या बाजूला एका गोदामात भरलेली गाडी घेऊन गेलो होतो. गेटच्या आत चढाचा रॅम्प, पुढे सात-आठ गाड्यांची रांग. दर दोन मिनिटांनी रांग पाच फूट सरकायची. मी ब्रेकवरून पाय काढायचो, रेस थोडी दाबायचो, गाडी चढावर नुसती रेसवर धरायचो, पुन्हा पाच फूट. मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर असं करताना पाय थरथरतो, म्हणून माणूस आपोआप थांबतो. इथे पाय आरामात होता. पंधरा मिनिटांनी केबिनमध्ये वास आला, जळलेल्या ब्रेकसारखा पण थोडा गोडसर. डिस्प्लेवर क्लच तापल्याचा लाल निशाण आला, बझर वाजला आणि गाडीने पुढे जायला साफ नकार दिला. न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन चालू, आणि पंचवीस मिनिटं मागच्या गाड्यांचे हॉर्न. प्लेट वाचली, पण दोन महिन्यांनी बदलावीच लागली. तिच्यातलं किती आयुष्य त्या रॅम्पवर गेलं ते मला माहीत आहे.

तेव्हापासून माझी रीत अशी:

रांगेत पाच-पाच फूट सरकायचं नाही. पुढे निदान एका गाडीएवढी जागा होऊ द्यायची, मग एकदाच हलायचं. मधे कुणी कार घुसवली तर घुसवू द्या.

चढावर थांबलात की हँडब्रेक. चढावर गाडी धरून ठेवणारी सोय असते, पण ब्रेकवरून पाय काढल्यावर ती काही सेकंदच धरते, चहा पिण्यापुरती नाही. निघताना आधी रेस द्या, गाडीने जोर घेतल्याचं सीटला जाणवलं की हँडब्रेक सोडा.

भरलेल्या गाडीने चढावर निघताना कॉम्प्युटर कधी दुसरा किंवा तिसरा गिअर निवडतो. सिलेक्टर मॅन्युअलवर घ्या आणि पहिला टाका. निघाल्यावर पुन्हा ॲटोवर.

रिव्हर्समध्ये गाडी पूर्ण थांबल्यावरच सिलेक्टर हलवा. डॉकला लावताना बऱ्याच गाड्यांत संथ चालीचा वेगळा मोड असतो, त्यात रेस कितीही दाबली तरी गाडी हळूच सरकते. तो मोड कुठे आहे ते गाडी घेतानाच विचारून ठेवा. नाहीतर रेस थोडी जास्त पडते आणि बंपर भिंतीला लागतो.

चिखलाचं प्रकरण वेगळं. पावसाळ्यात कोळशाच्या स्टॉकयार्डात किंवा काळ्या मातीच्या साइटवर एएमटी ॲटोमध्ये ठेवली तर ती ऐन चिखलात गिअर बदलायला जाते. बदलताना क्षणभर चाकांना जोर मिळत नाही, आणि काळ्या मातीला तेवढा क्षण पुरतो. आत शिरायच्या आधीच मॅन्युअलवर घ्या, दुसरा किंवा तिसरा गिअर पक्का करा, डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकसारखी फिरवणारं) लावा आणि एकाच रेसवर बाहेर या. कठीण जमिनीवर आलात की लॉक काढायला विसरू नका.

५. घाट

सिवनीहून नागपूरला येताना खवासाच्या आधी कुरईचा घाट लागतो. रस्ता आता रुंद आहे, वन्यप्राण्यांसाठी खालून वाटा काढल्या आहेत, सगळं छान दिसतं. म्हणूनच माणूस निवांत उतरतो. मी पहिल्या खेपेला ॲटोमध्येच उतरलो. रेसवरून पाय काढला, गाडी स्वतःच्या वजनाने पळू लागली. कॉम्प्युटरला वाटलं रस्ता मोकळा आहे, वेग वाढतो आहे, त्याने वरचा गिअर टाकला. वरच्या गिअरमध्ये इंजिनचे फेरे पडले, इंजिनाची रोख कमी झाली, आणि सगळा भार ब्रेकवर आला. खाली पोहोचेपर्यंत ड्रममधून धूर निघत होता. क्लीनर हात लावायला गेला, मी ओरडून थांबवला.

उताराची तयारी माथ्यावर असतानाच करायची. वेग आधीच कमी करा. सिलेक्टर मॅन्युअलवर. तो घाट चढायला जो गिअर लागला असता, तोच गिअर उतरायला टाका, शंका असेल तर एक खालचा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) लावा, गाडीला रिटार्डर (चाकाच्या ब्रेकशिवाय गाडी रोखणारं यंत्र) असेल तर तोही. इंजिनाची रोख जास्त फेऱ्यांवर चांगली मिळते, म्हणून उतरताना काटा हिरव्या पट्ट्याच्या वर गेला तरी घाबरू नका, लाल पट्ट्याच्या खाली ठेवा म्हणजे झालं. एक्झॉस्ट ब्रेक लावला की काही गाड्या स्वतःच खालचा गिअर घेतात, पण त्या भरवशावर माथा सोडू नका. पायाचा ब्रेक सतत चोळत राहू नका. वेग वाढला की नीट दाबून खाली आणा आणि पूर्ण सोडा.

वेग वाढल्यावर खालचा गिअर टाकू म्हणाल, तर एएमटी ऐकणार नाही. फेरे लाल पट्ट्यात जातील असा गिअर ती टाकतच नाही, इंजिन वाचवते. मॅन्युअलमध्ये याच क्षणी वेगळी फजिती होते: वरचा गिअर निघतो, खालचा बसत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. जुने लोक डबल क्लच मारून, मधे रेस देऊन बसवायचे, पण भरलेल्या गाडीने घाटात ते पहिल्यांदा शिकायचं नसतं.

आणि न्यूट्रल. डिझेल वाचतं म्हणून उतारावर न्यूट्रल मारणारे आपल्याकडे अजूनही आहेत. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की डिझेलचा पुरवठा बंद होतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला चालू राहायला डिझेल लागतंच. म्हणजे जीव धोक्यात घालून वर डिझेलही जास्त.

चढताना उलटा हिशेब. अमरावती रोडवर तळेगावच्या सत्याग्रही घाटात भरलेली गाडी ॲटोमध्ये चढवली तर ती अगदी दम संपेपर्यंत वरच्या गिअरमध्ये राहते, मग एकदम दोन-तीन गिअर खाली येते आणि तेवढ्यात वेग मरतो. चढाच्या तोंडाशीच स्वतः एक-दोन गिअर खाली घ्या.

६. समृद्धी आणि सपाट रस्ता

इथे एएमटीला तिचं काम करू द्या. शिवमडक्याहून निघालात की ७०१ किलोमीटरचा रस्ता आहे, जून २०२५ पासून पूर्ण खुला. जड गाड्यांना ताशी ८० ची मर्यादा. ॲटो, इकॉनॉमी मोड, पाय हलका. मधेमधे स्वतः गिअर बदलून ॲव्हरेज वाढेल असं वाटत असेल तर एका खेपेला करून बघा आणि डिझेलचा हिशेब मांडा. माझा ॲव्हरेज तरी दर वेळी कॉम्प्युटरपेक्षा कमी आला.

ओव्हरटेकला मात्र थोडं आधीपासून मन करा. रेस पूर्ण दाबली तरी गाडी आधी गिअर उतरवते, मग जोर घेते.

या रस्त्यावर खरा धोका झोपेचा. मॅन्युअलमध्ये हातपाय चालू असायचे. इथे सरळ काँक्रीट, एसी आणि रिकामे पाय. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे, उन्हाळ्यात नागपुरात याच्यासारखं सुख नाही, पण जेवणानंतर दोन ते चारच्या मधे तोच एसी घात करतो. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती हा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातला हक्क होता (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली). मालक कुरकुरला तरी घ्या. मी तीन तासांनीच उतरतो.

७. उभी करताना आणि बंद पडली तर

मॅन्युअल गाडी आपण गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक लावून सोडायचो. बहुतेक एएमटी न्यूट्रलमध्येच बंद करायच्या असतात, त्यामुळे गिअरची ती रोख मिळत नाही. उतारावर लाकडी गुटका लावल्याशिवाय गाडी सोडू नका. रस्त्यावरचा दगड नको, गाडी निघताना तो तिथेच राहतो आणि रात्री एखादा मोटरसायकलवाला त्याच्यावर जातो.

बॅटरी कमजोर झाली की गिअर अडकतो आणि धक्का मारून गाडी सुरू होत नाही. ओढून न्यायची वेळ आली तर आधी प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडवायला लावा, नाहीतर ओढताना गिअरबॉक्स आतून कोरडा फिरतो. चेसिसला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीचे टर्मिनल काढायला लावा. हे मेकॅनिकला सांगायला लाजू नका, कॉम्प्युटर जळला तर बिल तुमच्या नावाने फाटतं.

गाडी ओढेनाशी झाली की गिअरबॉक्सला शिव्या द्यायच्या आधी युरियाचा (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या द्रावणाचा) काटा बघा. बीएस-६ गाडीत युरिया संपला की ती मुद्दाम ताकद कमी करते.

केबिनमध्ये दोन गुटके, टॉर्च, त्रिकोणी रिफ्लेक्टर, हवेचा गेज, हातमोजे आणि पाच लिटर पाणी ठेवा. डिस्प्लेवर कोड आला की सर्वात आधी त्याचा फोटो काढा. बंद करून चालू केल्यावर तो गायब होतो, आणि मग वर्कशॉपवाला तुमच्याकडेच संशयाने बघतो.

८. परत मॅन्युअलवर बसाल तेव्हा

हे कुणी सांगत नाही. तीन महिने सलग एएमटी चालवल्यावर एक दिवस मला मॅन्युअल बारा चाकी कापसीला न्यायला सांगितली. पारडीला सिग्नल लाल झाला, मी नुसता ब्रेक दाबला. क्लच दाबायचा हे डोक्यातच नाही. गाडी तीन गचके देऊन बंद पडली, मागून ऑटोवाल्यांनी जी भाषा वापरली ती इथे लिहिता येत नाही. पुन्हा सुरू केली, तर घाईत नॉबवरचं हाय-लोचं (वरचे गिअर की खालचे ते ठरवणारं) बटण वरच राहिलं होतं. पहिला समजून वरचा गिअर टाकला आणि पुन्हा बंद.

तेव्हापासून गाडी बदलली की यार्डात दोन चकरा मारतो. एक थांबा, एक रिव्हर्स, एक चढावरून निघणं, आणि नॉबवरचं बटण खाली आहे का ते हाताने चाचपून बघणं. पाच मिनिटं लागतात. उस्ताद बघत असतात, हसतात, पण आता काही बोलत नाहीत.